पिन निघाली म्हणून खूश होऊ नकोस

बस खाली. मोबाइल बाजूला ठेव. तो व्हिडिओ मी पाहिलाय, अख्ख्या सिद्धेश्वर गावानं पाहिलाय. पाटाच्या काठावर पोकलेन उभं, बकेटची पिन जाम झालेली, आणि तू पायात स्लीपर, डोळ्यांवर उन्हाचा चष्मा अशा थाटात एक्झोथर्मिक रॉड पेटवून ठिणग्या उडवतोयस. मागे लोक शिट्ट्या मारतायत. बादली धरून शेजारी कोण उभं आहे? तुझा भाचा. नववीतलं पोरगं! त्याच्या अंगात नायलॉनचा जर्सी शर्ट. एक थेंब वितळलेलं लोखंड त्यावर पडलं असतं तर तो शर्ट कातडीला चिकटून जळाला असता. बहिणीला काय तोंड दाखवलं असतंस?

वेल्डर ट्रेडला माझ्याच हाताखाली शिकलास ना? मग ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लावायचा नाही, हे पहिल्या आठवड्यात तुझ्याकडून लिहून घेतलं होतं. व्हिडिओत तुझे हातमोजे ग्रीसनं काळे झालेत. त्याच हातांनी तू रेग्युलेटर बसवलास. भरलेल्या सिलिंडरात ऑक्सिजन दीडशे किलोच्या दाबानं कोंडलेला असतो. त्या दाबाचा शुद्ध ऑक्सिजन ग्रीसला भेटला की काडी लावावी लागत नाही, ठिणगी लागत नाही, रेग्युलेटर तोंडासमोरच फुटतो. आजवर झालं नाही म्हणतोस. नशिबावर दुकान चालवतोस का तू?

आणि ज्या पिनवर रॉड टेकवलास, ती पिन कशात बसते? ग्रीसमध्येच. तिच्या पोटात ग्रीसची वाट असते, तोंडाला निपल असतं, बुशिंगमध्ये वर्षानुवर्षांचं ग्रीस घट्ट बसलेलं असतं. आधी निपल काढायचं, प्लग काढायचे, बाहेरचं ग्रीस खरवडून पुसायचं आणि आतला दाब सुटायला वाट मोकळी ठेवायची. तू काय केलंस? निपल तसंच ठेवून सरळ आग घातलीस. आतलं ग्रीस तापून उसळलं असतं, तर पेटलेला गोळा समोर उभ्या माणसाच्या छातीवर बसला असता. समोर तूच होतास, आणि भोकाच्या अगदी रेषेत.

आता नीट ऐक, कारण या हत्याराचं काम तुला कळलेलंच नाही. आपला रोजचा गॅस कटर काय करतो? ज्योतीनं लोखंड साधारण नऊशे अंशांपर्यंत लाल करतो आणि मग ऑक्सिजनच्या धारेनं ते जाळतो. लोखंडाची राख लोखंडाच्या आधी वितळते आणि वाहून जाते, म्हणून कट पुढे सरकतो. स्टेनलेसला हे चालत नाही. त्यातल्या क्रोमियमची राख वितळायला चोवीसशे अंशांच्या वर जावं लागतं, ती पापुद्र्यासारखी वर बसते आणि खालचा धातू झाकून टाकते. बिडाला चालत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही. एक्झोथर्मिक रॉडचा हिशेब वेगळा. पोलादाची नळी, तिच्यात ठासून भरलेल्या पोलादी तारा, मधून ऑक्सिजन. एकदा पेटला की रॉड स्वतःच जळतो आणि उष्णता त्याच्या जळण्यातूनच निघते. एलपीजी लागत नाही, ॲसिटिलीन लागत नाही. म्हणून तो स्टेनलेस वितळवतो, बीड वितळवतो, काँक्रीटलाही भोक पाडतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत ज्याला लान्सिंगचा पाईप म्हणतात, त्याच घरातलं हे हत्यार, फक्त हातात मावणारं. जे काँक्रीट वितळवतं ते तुझ्या स्लीपरचं आणि पायाचं काय करेल, याचा विचार पेटवण्याआधी करायचा असतो.

ऑक्सिजन किती लागतो हे तरी पाहिलंस का? साध्या कटिंगचा बारीक होज आणि जुना रेग्युलेटर तसाच लावलास. या रॉडला भरपूर ऑक्सिजन लागतो. साधारण ऐंशी पीएसआय, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास दाब, आणि तोही जळताना टिकला पाहिजे. नेमका आकडा रॉडच्या मापाप्रमाणे उत्पादकाच्या तक्त्यात असतो, तो पाठ कर. दाब कमी पडला म्हणून तुझा रॉड फुरफुरत होता, स्लॅग बाहेर न पडता आतच साचत होता, आणि एका पिनसाठी तू रॉडमागून रॉड जाळलेस. लोक टाळ्या वाजवत होते, मला तुझ्या खिशातला पैसा जळताना दिसत होता.

पिन कशी काढायची ते आता सांगतो, परत विचारायला येऊ नकोस. बकेट जमिनीवर टेकव, खाली लाकडी ओंडके दे. पिन सुटल्यावर हजार किलोची बकेट कुठे जाईल, हे पेटवायच्या आधी ठरलेलं पाहिजे. मशीनच्या बॅटरीची वायर सोड. हायड्रॉलिकचे होज अग्निरोधक कापडानं झाक, त्यातलं तेल फवाऱ्यासारखं बाहेर आलं तर विझवायला उरशील का? पिनच्या मध्यावर खडूनं खूण कर. पेटवायला बारा व्होल्टची बॅटरी पुरते, ट्रॅक्टरचीसुद्धा चालते, पण ती ठिणग्यांच्या टप्प्यातून दूर ठेव, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. पेटल्यावर रॉडला विजेची गरज उरत नाही. ऑक्सिजन सुरू आहे तोवर तो जळतो, लिव्हर सोडलास की विझतो. म्हणून लिव्हर दोरीनं किंवा तारेनं बांधून ठेवायचा नाही. तू बांधलेला मला दिसला. हात भाजला किंवा पाय घसरला तर तेवढाच एक लिव्हर तुला वाचवतो, आणि तोच तू बांधून टाकलास!

रॉड धातूला टेकवून हलका सरकवायचा, दाबायचा नाही. आरपार भोक पडेपर्यंत सगळं वितळलेलं लोखंड ज्या तोंडानं आत शिरलास त्याच तोंडानं परत येतं. म्हणून भोकासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. सुरुवातीला रॉड तिरका धरायचा, भोक खोल जाऊ लागलं की मध्येमध्ये मागे ओढून स्लॅगला वाट द्यायची. आरपार गेलास की सगळा मारा पलीकडे जातो, तेव्हा पलीकडे कोण आहे ते आधी बघून यायचं. रॉड मिनिटभरही पुरत नाही, त्यामुळे मध्येच थांबून विचार करायला वेळ मिळत नाही. शेवटचे दोन इंच न जाळता ठेवायचे, नाहीतर आग टॉर्चच्या डोक्यात शिरते. आणि घाई करायची नाही. मधून पोखरलेली पिन थंड होताना आकसते, मग दोन ठोक्यांत बाहेर येते. तू पिनबरोबर बुशिंगही जाळलंस, आता मालक नवं बुशिंग कुणाच्या खिशातून बसवणार?

खाली काय होतं ते पाहिलंस? उन्हाळ्यात पाटाच्या काठचं वाळलेलं गवत, पलीकडे कुणाच्या तरी उसाचं पाचट. कटिंगच्या ठिणग्या अकरा मीटर म्हणजे पस्तीस फूट सहज जातात, वारा असला तर त्याहून लांब. गवत पेटलं, तुम्ही पायानं विझवलंत आणि हसलात. बादलीत पाणीही अर्धंच होतं. काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास तिथंच बसून राहायचं असतं, कारण पाचटात शिरलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि तुम्ही घरी गेल्यावर वर येते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावरच्या कापसात अशीच धुमसणारी आग लागली होती, आणि त्याच जहाजात स्फोटकं भरलेली होती. आगीपर्यंत पोचायला जहाजाचा पत्रा कापायचा ठरला, गॅस कटर आणला, आणि तो चाललाच नाही. त्या दिवशी ६६ अग्निशामक जवान गेले, म्हणून आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. हत्यार तपासून ठेवायला मी का ओरडतो ते आता तरी कळतंय का?

हळदीचा हंगाम आला की तुझ्याकडे शेतकरी डिझेलचे ड्रम घेऊन येतात, हळद शिजवायला वरून कापून दे म्हणतात. रिकामा आहे, पाण्यानं धुतलाय, असं सांगतात. धुतलेल्या ड्रमच्या शिवणीतसुद्धा डिझेल राहतं. तापलं की त्याची वाफ होते, ती हवेत मिसळून पेटते आणि ड्रम फुटतो. कटरनं नाही, रॉडनं नाही, ग्राइंडरनंही बंद ड्रम कापायचा नाही. पुन्हा कुणी आणला तर परत पाठव. चार शिव्या खाव्या लागल्या तर खा. भंगारातला शॉकॲब्सॉर्बर, हायड्रॉलिकचं सिलिंडर, तोंड बंद असलेली कुठलीही नळी, सगळ्यांना हाच नियम. जालन्याला भंगाराची गाडी लवकर धाडायची म्हणून स्वतःचं डोकं त्याच्यासमोर धरू नकोस. आणि दुकानाच्या कोपऱ्यात घरगुती गॅसचं लाल सिलिंडर पाहिलंय मी. ते आजच्या आज जाऊ दे.

कपड्यांवरची धूळ ऑक्सिजनच्या होजनं उडवतोस, तेही दिसलं. कापडाच्या धाग्यांत ऑक्सिजन अडकून राहतो. त्यानंतर एक ठिणगी पडली की सुती कापडसुद्धा भपकन पेटतं. धूळ झटकायला हात नाहीत का तुला?

आणि शेवटी जी फुशारकी मारलीस ती तर मला झोपू देत नाही. म्हणे, हा रॉड पाण्याखालीही जळतो, धरणाच्या बाजूला पाण्यात रुतलेलं लोखंड कापून दाखवतो. जळतो, खरं आहे. पण पाण्याखालचं कटिंग हे त्याचं शिक्षण घेतलेल्या पाणबुड्यांचं काम आहे. तिथं करंट लावायचा तो डीसीच, एसी लावला तर माणूस तिथंच संपतो. कापताना सुटलेला ऑक्सिजन आणि हायड्रोजन वर कुठे पोकळीत साठला तर त्याचा स्फोट होतो, आणि पाण्यात त्या स्फोटाचा धक्का फुप्फुसं फाडतो. येलदरीहून पाणी सुटलं की पूर्णा कशी फुगते हे मी तुला सांगायला नको. त्या पाण्यात टॉर्च घेऊन उतरलास तर पुन्हा माझ्यासमोर उभा राहू नकोस.

२०२३ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले होते. ऑगर मशीनची पाती पाईपात मोडून अडकली, आणि ती काढायला गॅस कटरवाले त्या पाईपात आडवे होऊन शिरले. हैदराबादहून प्लाझ्मा कटर मागवला. धूर, उष्णता, जागा हातभर, तरी एकेक तुकडा कापून बाहेर ओढला. २८ तारखेला सगळे मजूर जिवंत बाहेर आले. पाईपात शिरून ती पाती कापणारे कटिंगवालेच होते, तुझ्याच धंद्यातले. हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये जमीन दोनदा चांगलीच हादरली. उद्या कुठे स्लॅब कोसळला तर गावात टॉर्च असलेला माणूस तूच आहेस. तेव्हा स्लीपर घालून पळत येणारा माणूस मला नकोय.

उद्या सकाळी आठला सेट घेऊन माझ्याकडे ये. चामड्याचा ॲप्रन, लांब हातमोजे, अंगात सुती कपडे, बूट पँटच्या आत, चेहऱ्यावर शिल्ड आणि तिच्यात पुस्तकात लिहिलेल्या नंबरचीच काच. ऑक्सिजनचं सिलिंडर उभं, साखळीनं बांधलेलं. होजचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्यानं माझ्यासमोर तपासायचा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. हळद नाही, टूथपेस्ट नाही, सरळ दवाखाना, हे पोरांनाही शिकव. रॉडची पेटी तोवर इथं, माझ्या कपाटात राहील. आणि भाच्याला उद्या सोबत आणायचं नाही, त्याला शाळेत पाठव.