आधी पत्रा

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या एका संत्रा बागायतदाराच्या गोठ्यालगत, टिनाखाली, एक प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं उभी होती. आजोबांनी घेतलेली. ते गेले आणि गाडीच्या डिकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. फाल्गुनात मृग बहाराचे पैसे हाती आले, तेव्हा नातवानं त्यातले 40 हजार बाजूला काढले. गाडी कशी करायची हे त्यानं मोबाइलवर पाहूनच ठेवलं होतं : काळा मेटॅलिक रंग, रुंद टायर, अलॉय व्हील, आत निळे दिवे. आजीचं मागणं एवढंच, की नागपंचमीला शहीद स्मारकावर याच गाडीनं जायचं. 16 ऑगस्ट 1942 ला नागपंचमीच होती. त्या दिवशी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि गावची माणसं पडली. आजीच्या घरात त्या दिवसाच्या गोष्टी सांगितल्या जात.

रंगकाम करणाऱ्या चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "रंग मारतो ना बाबू. पण कायावर मारू?"

जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्यांनी तो पत्र्यावरून सरकवत नेला. पुढच्या मडगार्डला चुंबक घट्ट बसला. दाराखालच्या पट्टीवर आला आणि गळून पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिथं चाचांनी पेचकसाचं टोक टेकवलं तर रंगाची खपली निघाली. आत बोटभर जाड लांबी आणि तिच्यामागे पत्र्याऐवजी कोंबलेलं गोणपाट. कुठल्याशा लग्नाच्या घाईत कुणीतरी गंजावरच गाडी चकचकीत करून दिली होती.

"हिले वेगळी चेसीस नाही बाबू. हा पत्राच हिचा सांगाडा हाय. हा सडला, तं गाडी सडली."

चाचा म्हणत होते ते खरं होतं. इटलीतल्या तुरीनच्या फियाट कंपनीनं 1953 मध्ये काढलेल्या, वेगळी चेसीस नसलेल्या 1100 गाडीचंच पद्मिनी हे पुढचं रूप. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती कुर्ल्याला बनवायची. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली.

जिल्ह्यातला दुसरा एक कारागीर आठ दिवसांत गाडी काळी कुळकुळीत करून द्यायला तयार होता. पोराचं मन तिकडे ओढत होतं, आणि मी त्याला दोष देणार नाही. 40 हजारांत काहीतरी नवं दिसावं असं कुणालाही वाटेल. चाचांनी हिशेब मांडला. पत्रा कापून नवा बसवायचा, वेल्डिंग करायचं, रंग द्यायचा. एवढ्यात पैसे संपतात. "घासाई तू कर. तिची मजुरी मी लावत नाही." अलॉय गेले, टायर गेले, निळे दिवे गेले.

वैशाखाच्या उन्हात पोरगा वॉटर पेपर घेऊन बसला. आधी 120 नंबर, मग 220, मग 400. नखं झिजली. वरचा क्रीम रंग गेला, खाली आकाशी लागला, त्याखाली गडद हिरवा. आरसी बुकातही हिरवाच लिहिलेला होता. रंग बदलला की आरटीओत तशी नोंद करावी लागते, ती मधल्या काळात कुणी केलीच नव्हती. काळ्या रंगाचा नाद तिथंच सुटला.

खालचा नवा पत्रा बसला, तोच पाऊस लागला आणि चाचांनी रंगाचं काम थांबवलं. ओल्या हवेत थिनर उडून जाताना पत्रा गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंग पांढुरका होतो. त्यामुळं नागपंचमीला गाडी निघाली ती अर्धी जुन्या रंगात, अर्धी प्रायमरच्या चट्ट्यांत. चौकात कुणीतरी विचारलंच, "हे काय जी, गाडीले देवी आल्या काय?" पोरानं मान खाली घातली. वाटेत धो धो पाऊस आला. आजीनं पायाखालचा रबर उचलून हात फिरवला. "कोयडं हाय रे! तुह्या आबाच्या वख्ती माहे पाय वले होत."

दिवाळीनंतर चाचांनी धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं, काचांना कागद लावले आणि हिरव्या रंगाचे तीन हात मारले. उरल्यासुरल्या पैशांत पोरानं वर्ध्याहून जाड खादी आणून गावातल्याच शिंप्याकडून सीटांना खोळी शिवून घेतल्या. मोबाइलवरच्या कुठल्याही गाडीपेक्षा मला त्या खोळी देखण्या वाटतात.

आता गाडी धुवायची असली, की तो बॉनेटला हात लावत नाही. आधी तारेचा तुकडा घेऊन खाली शिरतो, दाराखालच्या पट्टीतून पाणी निघायची भोकं एकेक करून मोकळी करतो, आणि मगच बादली भरायला जातो.