रक्ताची पिशवी आणि बालवाडीची आया



मागच्या रक्तदान शिबिराच्या दिवशी एका तरुणाने आम्हांला सभागृहाच्या पायरीवरच गाठले. "फादर, आम्ही रक्त फुकट देतो. पण माझ्या काकांना लागले तेव्हा ट्रस्टच्या रक्तपेढीने पिशवीचे पैसे घेतले. मग ही सेवा की धंदा?" चहा-बिस्किटांच्या गडबडीत "खर्च असतो रे बाबा" एवढे बोलून आम्ही त्याला वाटेला लावले. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते.

खर्च असतोच. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासणी करावी लागते. तंत्रज्ञाला पगार लागतो, शीतपेटीला वीज लागते. रक्ताची किंमत मात्र कोणी लावू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तसा निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर आपल्या देशात बंदी आली. रक्तपेढ्यांनी फक्त प्रक्रियेचे शुल्क घ्यावे, असे औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावले.

पण रक्त विकले तर बिघडते कुठे? भाजी विकतो, मासळी विकतो. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० साली याच प्रश्नावर पुस्तक लिहिले. ब्रिटनमध्ये रक्त दान म्हणून मिळे, अमेरिकेत बरेचसे विकत घेतले जाई. त्याचे म्हणणे असे, की पैशासाठी रक्त देणाऱ्याला आपला आजार लपवायला कारण असते. दान करणाऱ्याला ते नसते. बाजारात आपण मासळीचे कल्ले उघडून पाहतो. रक्ताच्या पिशवीत काय पाहणार?

हेन्री हॅन्समन या अमेरिकन कायदेपंडिताने १९८० साली हाच धागा पुढे नेला. आपण काय विकत घेतले हे घेणाऱ्याला पारखता येत नाही, तिथे नफा वाटून घेण्याची मुभाच नसलेल्या संस्थेवर लोक अधिक भरवसा ठेवतात. मुलगा कुवेतला आणि आई वृद्धाश्रमात. तिला रात्री पाणी कोणी दिले की नाही, हे त्याला कसे कळणार? तेव्हा 'ना नफा' म्हणजे शिल्लक उरत नाही असे नव्हे. उरलेले कोणी घरी न्यायचे नाही, कामातच घालायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्या तरुणाला आम्ही हे सांगायला हवे होते.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रकात बाजार, शासन आणि नागरी समाज या तिघांची एकत्र दखल घेतली. धंदा आटोपल्यावर उरलेसुरले दान करावे, हा विचार त्यांना पुरेसा वाटला नाही. निरपेक्ष देण्याला अर्थव्यवहाराच्या आतच जागा हवी, असे ते म्हणतात. वाचायला फार छान वाटते. आम्हीही प्रवचनात ते दोनदा वापरले आहे!

अडचण इथून सुरू होते. आपल्या बालवाडीची फी कमी आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. ती कमी कशी ठेवता येते? एक कारण देणगीदार. दुसरे कारण आया. सकाळी सर्वांत आधी येते, मुलांची शी-शू काढते, दुपारी वर्ग झाडून जाते, आणि तिला आपण जे देतो त्याला मानधन म्हणतो. "सेवाभावाने करते बिचारी," असे आम्हीच एकदा पाहुण्यांना सांगितले.

पण रक्तदाता स्वतःचे रक्त देतो. इथे देणारे आपण आणि रक्त मात्र तिचे, असे तर होत नाही ना? तिने होकार दिला होता हे खरे. पैशासाठी रक्त विकणाऱ्या गरिबाचाही होकार असायचाच. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच लिहून ठेवले आहे, की नाइलाजाने तुटपुंजा पगार स्वीकारणाऱ्या कामगारावर करार होऊनही अन्यायच होतो. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा आपला हिशेब दरवर्षी चोख असतो. त्यात ही गोष्ट दिसत नाही.

तिचा पगार वाढवला तर फी वाढवावी लागेल, आणि मग ज्यांच्यासाठी बालवाडी काढली त्यांचीच मुले घरी बसतील, असे पॅरिश कौन्सिलमधील काही जणांचे मत आहे. ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र कमी फीचा भार चारशे कुटुंबांनी उचलायचा की एका बाईने, हे तरी एकदा उघडपणे ठरू द्या. पुढच्या बैठकीत बालवाडीचा जमाखर्च सर्वांसमोर ठेवणार आहोत. त्या तरुणालाही बोलावले आहे. आकडेमोडीत तो आमच्यापेक्षा हुशार आहे.