कायदा कोठे उभे राहून वाचावा?

कायदा पाळणे हा नागरिकाचा धर्म होय, याविषयी दुमत नाही. परंतु अनिष्ट कायद्यावर टीका करणे हाही त्याच धर्माचा भाग आहे, असे कोणी म्हटले की आम्ही सरकारी नोकर किंचित चपापतो. त्यास कारणही आहे. केंद्रीय सेवेच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतील नववा नियम शासनाच्या प्रचलित धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास आम्हांस मनाई करतो, आणि टोपणनावाचा आडोसाही ठेवीत नाही. म्हणून ज्या कायद्याविषयी न्यायासनानेच आपले मत उघडपणे सांगितले आहे, असाच एक कायदा आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. तसे करताना मनात एक प्रश्न मात्र राहतोच. न्यायालय बोलण्यापूर्वी आम्हांस त्यातील अन्याय का दिसला नाही?

हा कायदा म्हणजे 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम. तो मुंबई राज्यात जन्मला आणि थोड्याच काळात दिल्लीस लागू झाला; जणू आपल्यापैकीच एखाद्याची तिकडे बदली व्हावी तसा. त्यातील ‘भीक मागणे’ या शब्दांची व्याख्या वाचण्याजोगी आहे. सार्वजनिक जागी हात पसरणे तर तीत आहेच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा एखादी वस्तू विकावयास पुढे करणे या निमित्ताने दान घेणेही आहे. आणखी पुढे जाऊन, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, हा भिकेवरच जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत रस्त्यावर फिरणे किंवा नुसते थांबणे, हेही भीक मागणेच ठरविले आहे. अशा माणसास पोलिसांनी वॉरंटाशिवाय पकडावे, संक्षिप्त चौकशीनंतर त्यास एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत ठेवावे, पुनःपुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जावी, आणि त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असणाऱ्यांनाही तेथे पाठविता यावे, अशी ही योजना.

हा मजकूर कचेरीतील टेबलाशी बसून वाचला तर त्यात वावगे काही वाटत नाही. ‘तुरुंग’ हा शब्द टाळून ‘संस्था’ म्हटले आहे. हेतू सुधारणेचा सांगितला आहे. रस्ते मोकळे होतील, देवळापुढची रांग हटेल, परदेशी पाहुण्यांपुढे खाली पाहावे लागणार नाही, असे सुखद चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पण तोच मजकूर फुटपाथवर उभे राहून वाचावा. मग पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारी येणारा वासुदेव, गुबुगुबु वाजविणारा नंदीबैलवाला, भविष्य सांगणारा पिंगळा, हे सारे त्या व्याख्येच्या जाळ्यात येऊ शकतात असे दिसते. गावाहून कामाच्या शोधात आलेला, मळक्या कपड्यांनी स्टेशनबाहेर बसलेला मजूरही येतो. आपल्यापैकी कित्येकांच्या आजे-पणजांनी वार लावून जेवून किंवा माधुकरी मागून विद्या संपादन केली, आणि त्या विद्येच्या बळावर आज आपण येथे खुर्चीवर बसलो आहोत. घरात ती कथा आपण अभिमानाने सांगतो. मग आजोबांची झोळी ती पुण्याई आणि दुसऱ्याची झोळी तो अपराध, हा न्याय कोणता?

येथे मूळ नैतिक प्रश्न येतो. शिक्षा कृत्यास असावी की अवस्थेस? चोरी हे कृत्य आहे. दारिद्र्य ही अवस्था आहे. माणूस काय करतो हे न पाहता तो कसा दिसतो यावरून त्यास धरणे, ही परकीय राजवटीची रीत होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरविले, आणि स्वतंत्र भारताने तो 1952 साली रद्द केला. त्यानंतर अवघ्या सातच वर्षांनी, जन्माऐवजी दिसण्यावरून माणसास धरणारा हा कायदा आपण स्वहस्ते लिहिला.

8 ऑगस्ट 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्याची दंडात्मक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. लोक हौसेने भीक मागत नाहीत, गरजेने मागतात. ज्या राज्याने त्यांस अन्न व निवारा दिला नाही त्यानेच त्यांस कैदेत टाकणे उचित नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. यावर कोणी म्हणेल, मुलांना पळवून भीक मागावयास लावणाऱ्या टोळ्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. पण न्यायालयाने दुसऱ्याकडून भीक मागविणाऱ्यास शासन करणारे कलम कायम ठेवले, आणि सक्तीच्या भिक्षेविरुद्ध वेगळा कायदा करण्याची वाटही मोकळी ठेवली. म्हणजे अपराध्यास धरणारे कलम राहिले. गेली ती त्याच्या बळीस धरणारी.

तथापि या निर्णयास सुमारे अठ्ठावन्न वर्षे लागली. तो दिल्लीपुरता असल्याने मूळ कायदा महाराष्ट्रात त्यामुळे रद्द झाला नाही. मधल्या काळात, 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांपूर्वी दिल्लीत भिकाऱ्यांसाठी फिरती न्यायालयेही निघाली. आणि निर्णयानंतरही, 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरसुद्धा गुन्हा नोंदविण्याचे इंदूरच्या जिल्हा प्रशासनाने जाहीर केले. अहल्याबाईंच्या अन्नछत्रांची आठवण सांगणाऱ्या त्या नगरीत दया हीही दखलपात्र गोष्ट झाली!

असे कायदे टिकतात ते केवळ सरकारच्या बळावर नव्हे. ते आपल्या मनातील किळशीच्या आधाराने टिकतात. गाडीच्या काचेवर टकटक झाली की आपण मान फिरवितो. हे लोक येथून जावेत, कोठे ते आपण विचारीत नाही. कायदा ती आपली इच्छाच कलमवार लिहून काढतो. म्हणूनच आम्हांस येथे लोकहितवादींचे स्मरण होते. 1848 पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरच होते, आणि पुढे आपल्यासारखेच मराठी मुलुखाबाहेर, अहमदाबादेत, न्यायखात्यात राहिले. त्यांच्या टीकेचा मुख्य रोख आपल्याच समाजाकडे होता. कायद्यावरील टीकाही तेथूनच सुरू व्हावयास हवी, आणि त्या टीकेस कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

आम्ही कायदे करणारे नव्हे. फायली पुढे सरकविणारे. परंतु आमच्यासमोर मसुदे येतात, परिपत्रके येतात, अभिप्राय मागविले जातात. त्या वेळी कागद एकदा खुर्चीवरून वाचावा, आणि एकदा, ज्याच्यावर तो पडणार आहे त्याच्या जागी उभे राहून वाचावा. दोन्ही वाचनांत अर्थ निराळा लागला, तर टिप्पणीत ते चार ओळींत नोंदवावे. ती टिप्पणी मान्य होईलच असे नाही. बहुधा होणार नाही. पण अठ्ठावन्न वर्षांच्या त्या फायलींतून कोणी तरी एक जण तसे लिहून गेला होता, एवढे जरी पुढच्याला आढळले, तरी नागरिक आणि नोकर या आमच्या दोन धर्मांत फारसे अंतर उरले नाही असे आम्ही समजू.