आधी मजुरी, मग कापड

मराठवाड्यातल्या ढोकी गावाच्या शेजारचं तेर हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी तगर म्हणून दूरवर माहीत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याची नोंद आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांमध्ये लादून भडोचच्या बंदरावर जाई. नोंदीत माल आहे, वाट आहे, बंदर आहे. विणकराला काय मिळे, हे मात्र नाही. व्यापाऱ्याला त्याची गरजच नव्हती.

आजच्या ‘शाश्वत’ आणि ‘नैतिक’ म्हणवणाऱ्या कपड्यांच्या पाट्यांवर विणणाऱ्या-शिवणाऱ्या बाईचा हसरा फोटो असतो. धागा सेंद्रिय, रंग नैसर्गिक, पिशवी कागदाची, हेही लिहिलेलं असतं. तिच्या मजुरीचा आकडा सहसा नसतो. ढोकीसारख्या गावातून असा ब्रँड उभा करायचा तर पहिला कागद मजुरीचा हवा. किंमत त्यावरून ठरावी. आधी किंमत ठरवून उरेल ती मजुरी द्यायची, ही रीत उलटवल्याशिवाय बाकीचं सगळं शोभेचं राहतं.

हा प्रयोग देशात एकदा झाला आहे. 1925 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघासमोर दहा वर्षांनी गांधीजींनी अवघड प्रश्न टाकला: खादी गरिबांसाठी म्हणतो, मग कातणारीला इतकं कमी का? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असा त्यांचा आग्रह होता. खादी महागेल, खप घटेल, ही कार्यकर्त्यांची भीती खरीच होती. तरी 1935 मध्ये संघाने तत्त्व मान्य केलं: मजुरी इतकी हवी की किमान अन्नवस्त्र भागेल. प्रत्यक्षात आठ आणे गाठता आले नाहीत, पण हिशेबाची दिशा बदलली. बाजारभावाऐवजी पोट हे माप झालं.

याच्या उलट उदाहरण अगदी ताजं आहे. 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत राज्यभरातल्या शाळांचे गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं. बायकांच्या हाताला काम, मुलांना कपडा. कल्पना चांगली होती. पण कापड वरून येणार, शिलाईचा दरही वरूनच ठरणार. कितीतरी ठिकाणी गणवेश वेळेत पोचले नाहीत, पोचले ते मापात बसेनात. तुटपुंज्या दराची तक्रार गटांनी केलीच. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. शिवणाऱ्या बायका होत्या, मागणी होती, पैसाही होता. दर आणि मुदत ठरवताना मात्र शिवणारीला कुणी विचारलं नव्हतं.

ढोकीला भाव आधी ठरवण्याची पद्धत नवी नाही. तेरणा साखर कारखाना इथलाच. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार उसाचा किमान भाव हंगामाआधी ठरतो आणि ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर 15 टक्के व्याज. कारखाने थकवतात, भांडणं होतात, तेरणा तर काही वर्षं बंदच राहिला. तरी शेतकऱ्याला भांडायला हातात आकडा आणि तारीख असते. लघुउद्योगांसाठीही 2006 च्या कायद्याने 45 दिवसांची मुदत घातली आहे, पण ती नोंदणीकृत उद्योगाला. घरी बसून काजं-बटणं करणारी, नगावर कपडे शिवणारी बाई त्या कायद्याच्या दारातही पोचत नाही. नव्या ब्रँडने आपल्यापुरता हा नियम स्वतःवर लादून घ्यावा: माल दिला की 14 दिवसांत मजुरी, दुकानदाराची उधारी वसूल होवो न होवो.

आकडा फार भीतीदायक नसतो. समजा, एका कुर्त्याला दोन तास लागले आणि तासाला साठ रुपये धरले, तर शिलाई 120 रुपये. तोच कुर्ता शहरात हजार-बाराशेला विकला जातो. मधलं अंतर कापड, भाडं, जाहिरात, परत आलेला माल आणि दुकानाचा नफा यांनी भरलेलं असतं. दर वीस रुपयांनी वाढला म्हणून ब्रँड बुडत नाही. पडून राहिलेला माल आणि थकलेली उधारी त्याला बुडवते. म्हणून मोजकेच प्रकार आणि मागणी आल्यावर शिवण, ही तत्त्वाइतकीच धंद्याचीही गोष्ट आहे.

पर्यावरणाचा प्रश्न इथे पाण्यावर येऊन थांबतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे ढोकीवरूनच गेली. अशा पट्ट्यात रंगाई उभारून सांडपाणी तेरणा नदीत सोडणं हा ब्रँडच्या तोंडावरचा डाग ठरेल. कोरा, न रंगवलेला कपडा विकायला अवघड असला तरी इथल्या मातीला साजेसा आहे. रंगवायचंच असेल तर कापड पाणी पुन्हा वापरणाऱ्या ठिकाणी पाठवावं आणि त्याचा खर्च पाटीवर लिहावा. धागाही इथला म्हणून खपवू नये. आता या शिवारावर सोयाबीन आणि उसाचं राज्य आहे, कापूस बाहेरूनच येणार. सेंद्रिय म्हणायचं तर वार्षिक पिकाच्या जमिनीला पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतरकाळ द्यावा लागतो. तेवढा धीर आणि प्रमाणपत्राचा खर्च परवडेपर्यंत ‘कोरडवाहू कापूस’ एवढंच खरं लिहावं.

हे सगळं पाळणारा ब्रँड हळूच वाढेल. त्याची परीक्षा पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात होणार नाही, ती दिवाळीच्या आसपास गावातच होईल. सोयाबीन काढणीला मजूर मिळेनासे होतात, रोजंदारी वाढते. त्या दिवसांत शिवणारी बाई मशीन सोडून रानात गेली, तर आपला दर कमी होता हे मालकाने समजून घ्यावं. मशीनवर बसायचं की रानात जायचं हे तिला निवांत ठरवता आलं आणि तरीही ती मशीनवर बसली, तर त्या कपड्याला नैतिक म्हणण्याचा हक्क ब्रँडला मिळतो.