स्थैर्य कुणाच्या संगतीत?

मे महिन्यात खानदेशातल्या पाचोऱ्यात पारा चाळिशीपार गेला तरी माठातलं पाणी गार राहतं. तोच माठ मुंबईच्या दमट हवेत ठेवला, तर तितका गारवा मिळत नाही. गारवा एकट्या माठाच्या हाती नसतो. कोरड्या हवेचाही त्यात वाटा असतो. कृष्णविवरांचं उष्मागतिकशास्त्र वाचताना वाटतं, स्थैर्याचंही असंच आहे.

रिकाम्या अवकाशातलं कृष्णविवर ऊर्जा गमावताना थंड होत नाही, उलट तापतं. आणि तापलं की आणखी वेगाने ऊर्जा गमावतं. पण १९८३ मध्ये हॉकिंग आणि पेज या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की बंद पेटीसारख्या वागणाऱ्या ऋण वक्रतेच्या अवकाशात मोठं कृष्णविवर स्थिर राहू शकतं. तिथे तापमान एका मर्यादेखाली उतरलं, की मात्र कृष्णविवराऐवजी नुसत्या प्रारणाची अवस्था सरस ठरते. हे अवस्थांतरच.

त्यात फिरकी आली की पेच वाढतो. स्ट्रिंग सिद्धांतातले ब्रेन म्हणजे अनेक मितींत पसरलेली पटलं. फिरणाऱ्या ब्रेनचं स्थैर्य च्वेटिच आणि गब्सर यांनी १९९९ मध्ये तपासलं. तापमानाच्या मानाने फिरकी फार झाली, की ती पटलभर सारखी राखण्यापेक्षा कुठे कमी, कुठे जास्त ठेवण्यात एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, वाढते. मग समानता टिकत नाही.

पुढे काय होतं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शिराझ मिनवाला आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये, त्याच पेटीवजा अवकाशातल्या अतिवेगाने फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी उत्तर सुचवलं: करडी दीर्घिका. मध्यभागी कृष्णविवर, भोवती वायूची अवाढव्य चपटी चकती. फिरकीचा मोठा भार चकती उचलते. एन्ट्रॉपी जवळजवळ सगळी कृष्णविवराकडेच राहते. न पेलणारं ओझं असं वाटून घेतलं जातं.

खानदेशातल्याच शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर स्ट्रिंगवाले नव्हेत. त्यांची वाट वेगळी. त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलेल्या विलग क्षितिजाच्या कल्पनेत बाहेर खळबळ चालू असतानाही कृष्णविवराचं क्षितिज, म्हणजे जिथून काहीच परतत नाही ती सीमा, समतोलात असू शकतं. वरवर पाहता हा माझ्या म्हणण्याला छेद. पण तिथेही अट आहेच: क्षितिजातून आत काही पडता कामा नये. स्वतःपुरत्या समतोलालाही भोवतालाने तेवढी मोकळीक द्यावी लागते.

म्हणून ‘हे टिकेल का?’ हा प्रश्न एकटा अपुरा आहे. कुठे, किती ओझ्यानिशी आणि ते वाटून घ्यायला शेजारी कोण, हेही विचारावं लागतं.