रंगारी आणि गवंडी

जुनं दिसलं की रंगाचा डबा घेऊन धावणारा एक आणि जुनं म्हणजे सोवळंच समजणारा दुसरा, असे दोघे प्रत्येक घरात असतात. मी पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो. आमच्या धंद्यातही हीच दोन माणसं भेटतात.

तुम्ही म्हणाल, प्रोग्रॅमला कसलं आलंय वळण? यंत्राला समजलं म्हणजे झालं! खरं आहे. पण यंत्र नुसतं चालवतं. वाचायचं असतं ते माणसाला. म्हणून नियम आले, आणि नियमांना वय आलं. १९२८ साली आयबीएमनं ऐंशी रकान्यांचं भोकांचं कार्ड काढलं. कार्डं रद्दीत गेली, पण ओळ ऐंशी अक्षरांत आटपावी ही रीत उरली. लिनक्सच्या कर्नलमध्ये ओळींची लांबी तपासणारा प्रोग्रॅम २०२० सालापासून शंभरापर्यंत कुरकुर करीत नाही. वीस अक्षरांच्या सवलतीला ब्याण्णव वर्षं!

पायथॉन या भाषेचे शैलीनियम २००१ साली आले. फंक्शनांची नावं लहान अक्षरांत लिहावीत, दोन शब्दांमध्ये खाली रेघ द्यावी. पण तिच्याच घरच्या 'युनिटटेस्ट'मधली, मध्येच मोठं अक्षर असलेली नावं अजून तशीच आहेत. सत्तरीतल्या बाळकृष्णपंतांना आळीभर 'बाळ्या' म्हणतात. नाव बदलायचं तर दारोदार फिरून सांगायला नको का?

मग नवं वळण लावूच नये? लावावं की! उद्या येणाऱ्या पोरानं हे सगळं वाचायचं आहे. पण नुसत्या देखणेपणासाठी हजार ओळींना कुंचला फिरवला, की ओळ शेवटी कोणी बदलली हे सांगणारी गिटची 'ब्लेम' आज्ञा गवंड्याऐवजी रंगाऱ्याचं नाव सांगते. गवंडी एव्हाना निवृत्त होऊन नातवंडांत रमलेला. त्याच्या वेड्यावाकड्या ओळीमागे कुठल्याशा गिऱ्हाइकाची अडचण असते; ती कोणाला विचारायची? रंगाऱ्याला वगळून पुढं बघायची सोय गिटमध्ये २०१९ साली झाली, पण रंगकाम आणि डागडुजी एकाच नोंदीत कालवली असेल तर तीही हात टेकते.

म्हणून मला वाटतं, ज्या खोलीत डागडुजीला शिरलो तेवढीच रंगवावी, आणि दोन्ही कामांची नोंद वेगळी ठेवावी. येणाऱ्याची सोय होते, गेलेल्याचा मान राहतो. मग खोली कुठं संपते आणि ओसरी कुठं सुरू होते, यावर भांडायला मंडळी मोकळी!