‘नाही’ म्हणणारे लेकरू

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या बाजूच्या एका गावी मी रविवारच्या शाळेचा वर्ग घेत असे. कापूस वेचणीचे दिवस होते. आईबाप उजाडताच शेतावर जात आणि लेकरे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भरवशावर राहत. एके रविवारी वर्ग सुटल्यावर सातेक वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ घुटमळू लागला. त्याला घरी न्यायला शेजारचे एक गृहस्थ सायकल घेऊन आले होते. “गुरुजी, मला ह्यांच्यासंगं नाही जायचं,” तो हळूच म्हणाला. मला मंडळीच्या सभेची घाई होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली व म्हणालो, “मोठ्या माणसांना असं नाही म्हणू नये. शहाणा मुलगा ना तू?” तो निमूटपणे सायकलीवर बसला.

पुढे ते कुटुंब कामासाठी दुसरीकडे गेले. त्या मुलाच्या मनात काय होते हे मी कधीच विचारले नाही. कदाचित काहीच नसेल. परंतु एका लेकराने माझ्यापाशी तोंड उघडले आणि मी ते धर्माच्या नावाने बंद केले, हा सल अजून जात नाही.

वाचकहो, आज्ञाधारकपणा हा सद्गुण आहे, यात संशय नाही. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा आरंभ आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण ती आज्ञा ‘प्रभूमध्ये’ पाळायची आहे, हे तेथेच सांगितले आहे. आणि दोनच वचनांनंतर बापांनाही ताकीद आहे. आपण मात्र मुलाला शिकवतो की मोठा म्हणेल ते निमूटपणे करावे. उपासना संपल्यावर कोणी काका मुलीला मांडीवर ओढतात, ती अंग चोरते, तर आईच म्हणते, “लाजतेस काय? जा की!” आपले शरीर आपले नाही, हा धडा तेथे मुलीला मिळतो. मग एखादा मोठा माणूस वाईट हेतूने जवळ आला, तर तिने ‘नाही’ हा शब्द कोठून आणावा?

आणि असा माणूस बहुधा परका नसतो. २००७ साली केंद्र सरकारने १३ राज्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या राज्यांत महाराष्ट्र होता आणि आपला जिल्हा तेव्हा ज्या राज्यात होता ते आंध्र प्रदेशही होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले; त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ एवढे सांगून आपले कर्तव्य संपत नाही, ते यामुळेच.

मुले का बोलत नाहीत? पहिले कारण, त्यांच्यापाशी शब्द नसतात. आपल्या भागात मूल घरी मराठी बोलते, शाळेत तेलुगू ऐकते, शेजारी गोंडी किंवा कोलामी असते. आणि शरीराच्या झाकलेल्या अवयवांना कोणत्याच भाषेत शब्द मिळत नाही, मिळते फक्त ‘शी!’ तीनचार वर्षांच्या मुलाला नाक-कान शिकवतो तसेच ह्याही अवयवांची नावे संकोच न करता शिकवावीत. चड्डी-बनियनखालचे अंग त्याचे स्वतःचे आहे. आंघोळ घालताना आई किंवा तपासताना आईसमक्ष डॉक्टर यांखेरीज कोणी तेथे हात लावू नये, एवढे त्याला समजते. कोणी लावला तर ‘नाही’ म्हणावे, तेथून निघावे आणि सांगावे. कोणाला सांगावे, तर एका हाताच्या पाच बोटांवर विश्वासाची पाच माणसे त्याच्याकडूनच मोजून घ्यावीत. वाढदिवसाची गंमत पुढे सर्वांना कळते. जी गोष्ट आईपासून कायमची लपवायला सांगतात ती गंमत नव्हे, हा फरकही त्याला शिकवावा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपले कोणी खरे मानणार नाही, असे मुलाला वाटते. ज्याला आपण उठल्याबसल्या ‘मठ्ठ’, ‘काळ्या’, ‘रडूबाई’ म्हणतो, ज्याला काही विचारले तर उत्तर आपणच देतो, त्याने आपल्या शब्दाला किंमत आहे असे कशावरून मानावे? आत्मविश्वास व्यासपीठावर वचन म्हणून दाखवल्याने येत नाही. माझे ऐकून घेतले जाते, ह्या रोजच्या अनुभवातून तो येतो. आणि मूल घाबरून ‘नाही’ म्हणू शकले नाही, तरी दोष त्याचा नव्हे. हेही त्याला आधीच सांगून ठेवावे.

बाळ शमुवेलाची गोष्ट आपण दरवर्षी शिकवतो आणि मुलांना सांगतो, शमुवेलासारखे व्हा. शिक्षकांनो, आपण एलीकडे पाहू या. रात्रीतून तीनदा झोपमोड झाली तरी तो त्या मुलावर खेकसला नाही. सकाळी मुलगा सांगायला भ्याला, तेव्हा त्याने काही लपवू नको असा आग्रह धरला. आणि आपल्याच घराण्याविरुद्धचा निर्णय एका लेकराच्या तोंडून ऐकून घेतला. पण त्याच एलीने आपल्या याजक पुत्रांची दुष्कृत्ये कानी आल्यावर त्यांना आवरले नव्हते, म्हणूनच तो दिवस आला. ऐकणे आणि आवरणे, दोन्ही वडीलधाऱ्यांची कामे आहेत.

ऐकल्यावर मंडळीची अब्रू म्हणून गप्प बसणे हा आता कायद्यानेही गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलावरील असा अपराध ठाऊक असून न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. मुलाची जबानी त्याच्या घरी घेता येते, पोलिसाने गणवेशात येऊ नये, मुलाचे नाव छापू नये, आणि त्याला भाषा समजत नसेल तर दुभाषा द्यावा, असे त्यात आहे. मराठी लेकराला तेलुगूत आपले दुःख सांगता आले नाही तरी त्याचा न्याय अडू नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो. तो क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहावा. कोणीही शिक्षक मुलासोबत बंद दाराआड एकटा राहू नये, हा नियम प्रथम आपण स्वतःस लावावा.

येत्या रविवारी वर्ग सुटल्यावर एखादे लेकरू आपल्यापाशी घुटमळेल. सभा थांबू द्या. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या, आणि विचारा, “काय झालं, बाळ?”